कौल मागणारे आणि कौल न देणारे: जनुकीय समुपदेशकाच्या शिक्षणाची चिकित्सा

(मालवण येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. जेनेटिक काउन्सेलिंग, मराठीत ज्याला आपण जनुकीय समुपदेशन म्हणतो, तो व्यवसाय आणि त्यासाठी दिलं जाणारं पदव्युत्तर शिक्षण. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने यात कशाला पडावं, असं तुम्ही विचाराल. त्यातलं विज्ञान तपासायला डॉक्टर आहेत, शास्त्रज्ञ आहेत. पण या शिक्षणाच्या मुळाशी एक नैतिक तत्त्व आहे. सल्ला देणाऱ्याने निर्णय सांगायचा नाही, हे ते तत्त्व. आता ते योग्य आहे का, आणि आपल्या घरांमध्ये ते कसं वागवायचं, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही. तो आमच्या खात्यातला आहे.

आधी हे लोक करतात काय, ते थोडक्यात. एखाद्या घरात थॅलेसेमियाचं मूल आहे, हिमोफिलियाचा मुलगा आहे, किंवा आईला आणि मावशीला दोघींनाही कमी वयात स्तनाचा कर्करोग झाला आहे. अशा घराची तीन पिढ्यांची माहिती काढायची, तिचा तक्ता काढायचा, कुठली तपासणी उपयोगाची आणि कुठली नाही हे सांगायचं, अहवालाचा अर्थ समजावायचा, पुढच्या मुलाबाबतची शक्यता सांगायची, आणि हे सगळं ऐकून खचलेल्या माणसांजवळ बसायचं. यातला शेवटचा भाग सगळ्यात अवघड. त्यासाठीच साधारण दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो: मानवी आनुवंशिकी, संख्याशास्त्र, समुपदेशनाची तंत्रं, नीतिशास्त्र, आणि देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम. अमेरिकेत असा पहिला अभ्यासक्रम 1969 साली सारा लॉरेन्स कॉलेजने सुरू केला. आपल्याकडे मोजक्या ठिकाणी तो आहे. आपल्याला जवळचं म्हणजे मणिपाल. कुडाळला कोकण रेल्वेत बसायचं आणि उडुपीला उतरायचं.

आता गंमत बघा. हा व्यवसाय आपल्याकडे पुरता रुजण्याआधीच तो कायद्यात आला होता. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा 1994 चा केंद्रीय कायदा उघडून बघा. त्यात ‘जेनेटिक काउन्सेलिंग सेंटर’ची व्याख्या आहे. त्याच्याही आधी 1988 साली महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, देशातला पहिला, आणि त्यामागे मुंबईतल्या स्त्री-कार्यकर्त्यांची चळवळ होती. हे का करावं लागलं? 1970 च्या दशकात गर्भजल तपासणी आपल्या देशात आली ती गर्भातले दोष ओळखण्यासाठी. थोड्याच वर्षांत ती मुलगी ओळखण्यासाठी वापरली जाऊ लागली. म्हणजे आपल्याकडे या विद्येचा सार्वजनिक इतिहास गैरवापरापासून सुरू होतो. या क्षेत्रात शिरणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात हे शिकवलं पाहिजे. शेवटच्या सत्रातल्या ‘कायदेविषयक बाबी’ या प्रकरणात नाही.

आणि त्या कायद्याच्या 1996 च्या नियमांत हे केंद्र कोण काढू शकतो? मेडिकल जेनेटिसिस्ट काढू शकतो, ते ठीक आहे. नाहीतर असा स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ, ज्याला जनुकीय समुपदेशनाचा सहा महिन्यांचा अनुभव आहे किंवा चार आठवड्यांचं प्रशिक्षण आहे. चार आठवडे! शिवाय पुरेशी जागा आणि तक्ते-प्रतिकृती. त्या काळी प्रशिक्षित माणसंच नव्हती, म्हणून ही सोय केली असेल, ते मी समजू शकतो. पण सोय म्हणून आलेली गोष्ट मापदंड होऊन बसते. एकीकडे दोन वर्षं शिकलेली मुलगी आणि दुसरीकडे चार आठवडे. या दोन आकड्यांत जे अंतर आहे, त्यात नक्की काय शिकवलं जातं, हे त्या व्यवसायाने समाजाला नीट सांगितलेलं नाही. ते सांगता आलं नाही तर रुग्णालयाचा व्यवस्थापक म्हणणारच, आमचे डॉक्टर सांगतात की सगळं समजावून, वेगळा माणूस कशाला?

तर ते अंतर कशाने भरायचं, ते बघू. माझ्या मते तीन गोष्टींनी: वंशावळ, भाषा आणि कौल. एकेक घेतो.

पहिली गोष्ट वंशावळ. इथे मालवणला एक अभिमानाचा धागा आहे, फारसा कोणाच्या लक्षात नसलेला. भारतातल्या समाजशास्त्राचे एक आद्य आचार्य गोविंद सदाशिव घुर्ये 1893 साली या मालवणात जन्मले. ते केंब्रिजला गेले आणि डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांचे विद्यार्थी झाले. रिव्हर्स यांची ख्याती कशासाठी? वंशावळ गोळा करण्याच्या पद्धतीसाठी. माणसाला ‘तुमच्याकडे नाती कशी असतात’ असं विचारायचं नाही. तुझी आई कोण, तिचे भाऊ किती, त्यांची मुलं कोण, असं नावानिशी विचारत जायचं. घुर्ये मुंबई विद्यापीठात आले आणि त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे शिकल्या. कर्वेबाईंनी 1953 मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची चाल त्यात तपशिलाने आहे. आज जनुकीय समुपदेशक पहिल्या भेटीत जो तक्ता काढतो, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ, त्या तक्त्याला लागणारी नजर आपल्या समाजशास्त्राने शंभर वर्षांपूर्वी कमावलेली आहे. मग या अभ्यासक्रमात घुर्ये आणि कर्वे का नकोत?

कोकणातल्या माणसाला वंशावळ नवी नाही. एका सातबाऱ्यावर चाळीस नावं असतात. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे वंशावळ द्यावी लागते. भावकी कुठून फुटली, मूळ पुरुष कोण, हे लोकांना पाठ असतं. मुंबईच्या डॉक्टरला तीन पिढ्या काढायला अर्धा तास लागेल, इथला म्हातारा सात पिढ्या दहा मिनिटांत सांगेल. पण थांबा. ती वंशावळ जमिनीची आहे. तिच्यात लग्न होऊन गेलेल्या मुली पुसट होतात, लहानपणी गेलेली मुलं गळतात, पोटात गेलेलं मूल तर नसतंच. आणि समुपदेशकाला नेमकं तेच हवं असतं. हिमोफिलिया आईकडून मुलाकडे जातो. म्हणजे जी माणसं सातबाऱ्यावर नाहीत त्यांच्यातून तो वाहत येतो. 1994 ला महाराष्ट्राने आणि 2005 ला केंद्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला. तेव्हापासून मुलींची नावं कागदावर येऊ लागली, हे खरं. पण अजूनही ‘तुमच्या आजीच्या बहिणींना मुलगे किती झाले, आणि त्यातले लहानपणी किती गेले’ हा प्रश्न विचारायला कसब लागतं. सासूसमोर सुनेला तो विचारता येत नाही. कोणाला आधी बाहेर बसवायचं, कोणाला आत घ्यायचं, हे शिकावं लागतं. चार आठवड्यांत ते येत नाही. मी म्हणेन दोन वर्षांतही येत नाही, जर ती दोन वर्षं फक्त महानगरातल्या रुग्णालयात गेली असतील तर.

दुसरी गोष्ट भाषा. ‘जनुकीय’ हा शब्द ऐकल्यावर आपल्या घरात काय ऐकू येतं? ‘घराण्यातून आलेलं.’ डाऊन सिंड्रोमचं उदाहरण घ्या. तो गुणसूत्रांचा प्रश्न आहे, एकविसावं गुणसूत्र एक जास्त. पण शंभरातल्या पंच्याण्णवच्या आसपास वेळा ते बीजपेशी तयार होताना घडलेलं असतं, आईबापांच्या घराण्यात काही नसतं. म्हणजे जनुकीय आहे, आनुवंशिक नाही. हा फरक मराठीत नीट सांगितला नाही, तर त्याच संध्याकाळी सुनेच्या माहेराचा उद्धार सुरू होतो. ‘वाहक’ म्हणावं तर पटकीचा वाहक, क्षयाचा वाहक आठवतो. ‘दोष’ म्हणावं तर तो माणसालाच चिकटतो. इंग्रजीत शिकलेली मुलगी इथे येऊन जेव्हा ‘कॅरिअर’ म्हणते, तेव्हा समोरचा माणूस घाबरतो किंवा मान डोलावतो. दोन्हींत त्याला कळलेलं नसतं.

आणि आकडे. समजा एका बाईच्या मामाला हिमोफिलिया होता आणि भावालाही आहे. म्हणजे तिची आई नक्की वाहक. ही बाई स्वतः वाहक असण्याची शक्यता अर्धी. पण तिला दोन मुलगे आहेत आणि दोघेही निरोगी. आता शक्यता किती? ती वाहक असती तर दोन्ही मुलगे निरोगी निघण्याची शक्यता एक चतुर्थांश होती. नसती तर ते निरोगी असणारच होते. हिशेब मांडला की उत्तर येतं पाचात एक. सुंदर गणित आहे, अभ्यासक्रमात ते शिकवतात, आणि शिकवलंच पाहिजे. पण तिसऱ्यांदा दिवस गेलेल्या त्या बाईला ‘पाचात एक’ याचा अर्थ काय? कोणी म्हणेल, म्हणजे जवळजवळ नाहीच. कोणी म्हणेल, देव पाचवा नंबर माझाच काढणार. थॅलेसेमियात आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलामागे चारात एक. यावर सर्रास समजूत अशी होते की पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील. नाही हो. प्रत्येक वेळी नव्याने फासे पडतात. हे समजावणं म्हणजे भाषांतर नव्हे, तो माणसाच्या नशिबाच्या कल्पनेशी केलेला संवाद आहे. आणि तो मराठीत, मालवणीत, गोंडीत करावा लागतो. मणिपालच्या बाह्यरुग्ण विभागात कन्नड आणि तुळू ऐकून तयार झालेला आपला विद्यार्थी उत्तमच असेल, पण सावंतवाडीच्या बाईशी बोलण्याचा सराव त्याला कोण देणार?

आता तिसरी आणि माझ्या दृष्टीने मुख्य गोष्ट. कौल.

या व्यवसायाचं ब्रीद आहे की सल्लागाराने दिशा दाखवायची नाही. माहिती द्यावी, ऐकावं, निर्णय त्या माणसावर सोपवावा. हे कुठून आलं? ‘जेनेटिक काउन्सेलिंग’ हा शब्द 1947 साली शेल्डन रीड यांनी वापरात आणला. ते मिनेसोटा विद्यापीठातल्या डाइट इन्स्टिट्यूटमध्ये होते. ज्या चार्ल्स डाइटच्या पैशातून ती संस्था उभी राहिली, तो पक्का सुप्रजननवादी होता. इतका, की त्याने 1933 मध्ये हिटलरला कौतुकाचं पत्र पाठवलं होतं. कोणी मूल जन्माला घालावं आणि कोणी नाही, हे शास्त्रज्ञांनी आणि सरकारने ठरवावं, असं म्हणणारी ही मंडळी. रीड यांना त्या विचारापासून दूर जायचं होतं, म्हणून हा नवा शब्द. पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची ‘दिशा न देणारी’ समुपदेशन पद्धत यात मिसळली. तेव्हा हे तत्त्व एका भयंकर इतिहासाला दिलेलं उत्तर आहे, हे लक्षात ठेवू या. त्याच इतिहासाच्या दारात आपल्या इरावतीबाईही उभ्या होत्या. 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर नावाच्या वंशवादी शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली, आणि कवट्या मोजून निष्कर्ष काढला तो गुरूच्या गृहीतकाच्या विरुद्ध. युरोपीय कवटी वेगळी, म्हणून युरोपीय माणूस श्रेष्ठ, हे मोजमापातून निघत नाही, असं त्यांनी मांडलं. या क्षेत्रातल्या मराठी विद्यार्थ्याला आदर्श हवा असेल तर हा घ्या.

म्हणजे तत्त्व चांगल्या घरचं आहे. पण आपल्याकडे ते दोन बाजूंनी अडचणीत येतं.

एक बाजू सरकारची. 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 2047 पर्यंत निर्मूलन, सात कोटी लोकांची तपासणी. गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी भागांसाठी ही मोहीम फार मोलाची आहे, रुग्णांवर उपचार व्हायलाच हवेत. पण त्यात तपासणीनंतर कार्ड मिळतं आणि लग्नाआधी दोघांनी कार्डं जुळवून बघावीत अशी अपेक्षा असते. पत्रिकेऐवजी कार्ड! आता मला सांगा, ज्या योजनेचं यश कमी आजारी मुलं जन्मली यावर मोजलं जाणार, त्या योजनेत बसलेला समुपदेशक ‘निर्णय तुमचा’ असं मनापासून म्हणू शकतो का? पगार देणाऱ्याला एक उत्तर हवं असतं आणि शिकवलेलं तत्त्व दुसरं सांगतं. खाजगी प्रयोगशाळेत नोकरी असेल तर तोच पेच, फक्त तिथे उत्तर ‘आणखी एक तपासणी करून घ्या’ असं असतं. हा पेच अभ्यासक्रमात उघडपणे शिकवला पाहिजे. तत्त्व नुसतं पाठ करून घेतलं की माणूस पहिल्या नोकरीत ते गुपचूप सोडून देतो.

दुसरी बाजू आपल्या लोकांची. आपण देवळात गाऱ्हाणं घालतो आणि कौल लावतो. कुठे कळे, कुठे तांदूळ. उजवा पडला की होय, डावा पडला की नाही. संकटात सापडलेला माणूस कौल मागतो, यात त्याचा अडाणीपणा नाही. एकट्याने वाहवत नाही असं ओझं तो कोणाबरोबर तरी वाटून घेऊ बघतो. तोच माणूस समुपदेशकासमोर बसतो आणि विचारतो, “माझ्या जागेर तुमी असतास तर काय करतास?” जगातला प्रत्येक जनुकीय समुपदेशक हा प्रश्न ऐकतो. पाठ्यपुस्तकी उत्तर आहे: “निर्णय तुम्हालाच घ्यायचा आहे.” आपल्या बाईला यातून काय ऐकू येतं? ‘मी हात झटकले.’ स्वातंत्र्य म्हणून दिलेली गोष्ट तिला एकटं टाकल्यासारखी वाटते.

मग द्यावा का कौल? माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. कारण ज्या घरात सासरा, नवरा, सासू आधीच कौल देऊन बसलेले असतात, तिथे पांढऱ्या कोटातला आणखी एक कौल त्या बाईचा आवाज पुरता बंद करेल. आणि गर्भपाताचा कायदा 2021 ला बदलल्यापासून काही प्रसंगांत चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मताने त्यापुढेही मुभा आहे. निर्णयाला वेळ वाढला, तसा दबावालाही वेळ वाढला. शिवाय हिमोफिलियाच्या गर्भतपासणीत ‘बाधित आहे’ एवढं म्हटलं तरी जाणत्याला तो मुलगा आहे हे कळतं. कायदा लिंग सांगू नका म्हणतो. अशा ठिकाणी शब्दन्‌शब्द तोलून बोलणारा माणूस हवा.

पण कौल न देणं म्हणजे गाऱ्हाणं न ऐकणं नव्हे. आपल्या भाषेतच बघा, ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण निर्णय अर्जुनावर सोपवतो, आणि लगेच पुढे स्वतःचं म्हणणं पुन्हा सांगतोच! आपल्या परंपरेत सांगणं आणि सोपवणं यांची अशी ओढाताण आहे. ॲरिस्टॉटल ज्याला व्यवहारातलं शहाणपण म्हणतो, ते इथे लागतं. ‘तुम्ही असता तर काय केलं असतं’ या प्रश्नाला “तुम्हाला जास्त भीती कशाची वाटते, आजारी मुलाची की लोकांच्या बोलण्याची?” असा प्रतिप्रश्न करता येणं, तो योग्य क्षणी करणं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसता येणं. त्या चार आठवड्यांच्या आणि दोन वर्षांच्या मधलं अंतर हे आहे. ते देखरेखीखालीच शिकता येतं. अमेरिकेत म्हणूनच विद्यार्थ्याने किमान पन्नास घरांबरोबर प्रत्यक्ष काम केल्याची नोंद मागतात. आपल्याकडच्या नोंदीत मी आणखी एक रकाना घालेन: ही भेट कुठल्या भाषेत झाली?

शेवटी नोकरीचं. कारण समोर काही तरुण मुलंमुली बसलेली आहेत आणि तत्त्वज्ञानाने पोट भरत नाही, हे मला कोणी सांगायला नको. 2013 मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मजात व्यंगं, डाऊन सिंड्रोम, बहिरेपणा हे सगळं अंगणवाडीत, शाळेत जाऊन तपासायचं आणि जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवायचं, अशी ती योजना. त्या जिल्हा केंद्राच्या मनुष्यबळाच्या यादीत बालरोगतज्ज्ञ आहे, दंतवैद्य आहे, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आहे. जनुकीय समुपदेशक नाही. मूल सापडतं, पण ‘पुढच्या वेळी काय’ या आईच्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस यादीत नाही. आणि मग आपली माणसं काय करतात? गाडी करून बांबोळीला जातात, किंवा रात्रीच्या गाडीने परळला. आता ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालेलं आहे. तिथे एक पद आणि त्याला जोडून मुंबईच्या, मणिपालच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांचं जिल्ह्यातलं प्रशिक्षण, एवढं मागणं अवाजवी नाही. विद्यार्थ्याला मराठी घर मिळेल, घराला माणूस मिळेल, आणि अभ्यासक्रमाला जमीन मिळेल.

तुमच्यापैकी कोणी या अभ्यासक्रमाला जाणार असेल तर प्रवेश घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. रुग्णांबरोबर किती भेटी, आणि कोणाच्या देखरेखीखाली? कुठल्या भाषेत? आणि इथून बाहेर पडलेली मुलं आज कोणाकडून पगार घेतात, रुग्णालयाकडून की तपासणी विकणाऱ्याकडून? या तीन उत्तरांवरून त्या विभागाची पारख होते, माहितीपत्रकावरच्या छायाचित्रांवरून होत नाही.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. कौल मात्र मागू नका.